धावपट्टीवरून आलेल्या दोन रिंगा

ते प्रकरण मनातून काही जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भावकीतल्या कुऱ्हाडी पाहिल्या. पण कुणी विचारलं की साहेब, तुम्हाला अभिमान वाटावा असं प्रकरण कोणतं, तर मी ज्यात रक्ताचा एक थेंब सांडला नाही तेच सांगतो. त्यात मेलेला माणूस जिवंत निघाला. आणि त्याला जिवंत काढला आमच्या ठाण्यानं, थेट पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरच्या विमानतळावरून. हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे, हक्काची आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला मंचरला येऊन वर्ष झालं असेल. मंचर म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरचं गजबजलेलं गाव. कांदा-बटाट्याचे ट्रक, त्यांच्यात घुसणाऱ्या एसट्या, रोजचा अपघात, रोजचा पंचनामा. सकाळची हजेरी झाली की बीटचे हवालदार आपापल्या गावांना निघायचे. त्या सोमवारी कळंब बीटचे हवालदार हजेरीनंतर रेंगाळले. मुरलेला माणूस, उगाच रेंगाळणारा नव्हे.

"साहेब, एक खबर हाय. पण हसायचं न्हाई."

"बोला."

"कळंबच्या अलीकडं जी वस्ती हाय ना, तिथल्या दुकानात मेलेला मानूस फोन करतोय."

मी हसलो. पण हवालदार हसले नाहीत, तेव्हा दार लोटून घेतलं आणि त्यांना बसायला सांगितलं.

हकिकत अशी होती. वस्तीवरचा एक जण रोलर ड्रायव्हर होता, रस्त्याच्या कामावरचा. मंचरमध्ये त्याच्या चुलत भावाचं परदेशी माणसं पाठवायचं ऑफिस होतं. त्या चुलत भावानंच याला दोन वर्षांच्या करारावर त्या बेटावर पाठवलं होतं, विमानतळाच्या धावपट्टीवर रोलर फिरवायला. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दुकानाच्या ओट्यावर बसून सगळ्या वस्तीला त्या विमानतळाचं वर्णन ऐकवलं होतं. मोठ्या लढाईत जपान्यांशी लढायला अमेरिकन फौजेनं समुद्रातलं पोवळं फोडून, पसरून ती धावपट्टी केलेली. माडांच्या बनात गंजलेल्या तोफा अजून तशाच. पाण्यात पडलेल्या लढाऊ विमानाच्या पंखावरून पोरं उड्या मारतात. विमानतळाची इमारत आपल्या दूध डेअरीएवढी. विमान आठवड्याला एक, गुरुवारी. आणि धावपट्टीच्या कडेला खणताना मधूनच एखादा जुना बॉम्ब सापडतो, मग दुसऱ्या देशातून माणसं येऊन तो निकामी करतात. "पण माज्या रोलरखालनं गेल्याबिगर तितं इमान उतरत न्हाई, राव!" असं तो मिशीला पीळ देऊन सांगायचा म्हणे.

आणि गेल्या बुधवारी चुलत भाऊ मोटारसायकलवरून वस्तीवर आला, हातात फॅक्स. धावपट्टीच्या कडेला खणताना लढाईतला बॉम्ब फुटला, रोलर ड्रायव्हर जागीच गेला, तिकडेच पुरला. रडारड झाली. सुतक धरलं. येत्या शुक्रवारी नदीवर दहावा ठरला.

"मग फोनचं काय?" मी विचारलं.

"साहेब, त्यानं आन् त्याच्या मंडळीनं ठरवलेलं व्हतं. दर गुरुवारी सकाळी, दूध घालायच्या टायमाला, दुकानातल्या फोनवर दोन रिंगा द्यायच्या आन् ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हंजी मी बरा हाय. इकडून उचलायचा न्हाई. उचलला की बिल पडतं." हवालदारांनी आवाज खाली आणला. "बुधवारी मेल्याची खबर आली, आन् गुरुवारी सकाळी फोन वाजला. दोन रिंगा. बंद."

दुकानदार अण्णांची म्हणे बोबडीच वळली होती. चुलत भाऊ पैसेवाला, उठबस असलेला माणूस, त्याच्या विरुद्ध तोंड कोण उघडणार? चार दिवस त्यांनी गप्प काढले आणि सोमवारी चहा पिता पिता हवालदारांच्या कानाला लागले. खबर अशीच येते, वाचकहो. चहाच्या कपाच्या आडून. ज्या पोलिसाला गावात चहा पाजायला कुणी बोलवत नाही, त्याला खबरही मिळत नाही.

मी स्टेशन डायरीला नोंद टाकली आणि जीपनं वस्तीवर गेलो. सुतकाचं घर. ओट्यावर भावकीतले म्हातारे. रोलरवाल्याची बायको आत होती, तिशीची, अंगानं किरकोळ, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. तेच सगळ्यांना खुपत होतं.

"साहेब, तुमीच सांगा हिला," एक म्हातारा म्हणाला. "कुंकू पुसंना, मंगळसूत्र काढंना. डोक्यावर परिनाम झालाय."

बाईनं माझ्याकडे सरळ पाहिलं. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"डोक्याला काय झालं न्हाई माज्या. माजा मानूस हाय. गुरवारी रिंग दिलीया त्यानं. ह्ये लोक म्हनत्यात दहाव्याला नदीवर माजं कुंकू पुसनार, बांगड्या फोडनार. साहेब, जित्या मान्साच्या बायकूला रांडाव करायचं कायद्यात बसतं का?"

मी विचारलं, "ताई, दहाव्यानंतर तुमचं काय ठरलंय?"

"पिंपळवंडीला धाडनार, म्हायेरी. मूलबाळ न्हाई, हितं ऱ्हाऊन काय करती म्हनत्यात. त्या आदी कागदावर सही पायजेल म्हनं."

कसला कागद, ते तिला माहीत नव्हतं. मला जीपमध्ये बसल्यावर कळलं. हवालदारांनी बोट दाखवलं. रोलरवाल्याच्या वाट्याच्या जमिनीचा एक पट्टा हमरस्त्याला अगदी खेटून होता, आणि शेजारचा पट्टा चुलत भावाचा. दोन्ही एक झाले तर हॉटेल मस्त उभं राहील असं तो वर्षभर बोलून दाखवत होता. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजली. पण घंटा वाजली म्हणून गुन्हा दाखल होत नाही.

मंगळवारी चुलत भावाला अर्जचौकशीसाठी बोलावलं. आला तो परीटघडीच्या सफारीत, गळ्यात चेन. फॅक्स पुढे केला. इंग्रजीत, कंपनीचं नाव, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. त्याच्या चेहऱ्यावर दु:खही व्यवस्थित होतं.

"कंपनीला फोन लावून विचारता येईल?" मी म्हणालो.

"कुटं लावनार साहेब? बॉम्बनं धावपट्टीच उडाली. इमानतळ बंद हाय तवापासून. काम बंद, कंपनीवाले निघून गेले. बेटावर एकच फोन, त्यो इमानतळावर. त्योबी बंद."

तो गेला. पाठोपाठ तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचा मला फोन आला. घरातलं दु:ख आहे साहेब, कशाला उकरता. मी "बरं, बघतो" म्हणालो. हे "बघतो" पोलिसांच्या फार कामाचं असतं. त्यात नकारही नसतो आणि होकार तर मुळीच नसतो.

आता आमच्या हातात काय होतं? दोन रिंगा. त्या कुणाच्याही असू शकतात. राँग नंबर असू शकतो. कोर्टात उभा राहून मी काय सांगणार, की महाराज, फोन वाजला आणि बंद झाला? उरला होता एक गुरुवार, आणि शुक्रवारी दहावा.

गुरुवारी सकाळी आम्ही साध्या कपड्यांत दुकानात जाऊन बसलो. मी, हवालदार आणि एक महिला शिपाई. अण्णांनी फोनवरचा कुलूपवाला डबा काढून ठेवला होता. दूध घालून किटली हातात घेतलेली बाई काउंटरला टेकून उभी राहिली. मी तिला बजावलं, "ताई, या वेळी पहिल्या रिंगला उचलायचा. बोलायचं. बिलाचं आम्ही बघू. मी तुमच्या कानाजवळ कान लावतो." तिनं मान हलवली.

दुकानात गिऱ्हाईक आलं की अण्णा "नंतर या, नंतर या" करून हाकलत होते. एका म्हातारीला पावशेर साखर मिळाली नाही म्हणून ती आम्हा सगळ्यांचा उद्धार करत परत गेली. आणि फोन वाजला.

बाईनं झडप घातली. रिसीव्हर आमच्या दोघांच्या कानांच्या मध्ये. लांब कुठेतरी खरखर, आणि त्या खरखरीमागे एक आवाज. चढत जाणारा, पुन्हा उतरणारा. भोंगा. कारखान्याचा असतो तसा, पण जरा घोगरा. बाईनं कसंबसं "अवो" म्हटलं आणि पलीकडून खट्. फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. गेलं सगळं! हवालदार पुटपुटले, "आई गं!" आणि ती बाई, तुम्हाला खोटं वाटेल, ती बाई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता काउंटरवर हात आपटायला लागली.

"त्योच हाय! साहेब, त्योच हाय! उचलला म्हनून ठिवला! बिल पडंल म्हनून! असा चिक्कू मानूस साऱ्या जगात दुसरा न्हाई. सुट्टीवर आला तर चप्पल झिजंल म्हनून बांधावरनं अनवानी जायाचा. त्योच हाय ओ!"

मी बरेच पुरावे पाहिले, ठशांचे, रक्ताचे, शस्त्रांचे. नवऱ्याच्या चिकटपणावरून त्याला जिवंत ओळखणारी साक्षीदार मात्र ती पहिली आणि शेवटची. माझी खात्री पटली. पण कायद्याला खात्री पुरत नाही. मी भोंग्याचा विचार करत मंचरला आलो आणि चुलत भावाला पुन्हा बोलावून घेतलं.

या वेळी मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, फॅक्सचं नाव काढलं नाही. माणसं ओळखणं हाच आमचा धंदा. या माणसानं मार सोसला असता, वकील दिला असता, पण बढाई मारल्याशिवाय तो राहिला नसता. माणसं पोचवायला तो स्वत: एकदा त्या बेटावर जाऊन आला होता, आणि ते त्यानं साऱ्या मंचरला ऐकवलं होतं.

"तुम्ही म्हणे स्वत: गेला होता तिथं," मी म्हणालो. "आम्ही पुण्याच्या पुढे विमानतळ पाहिला नाही. कसं असतं हो एवढ्याशा बेटावर विमानतळ?"

गडी खुलला. खुर्चीत मागे रेलला. "साहेब, लई मजा! तुमाला सांगतो, पट्टी एवढी मोठी की अर्दं बेट तिनंच खाल्लंय. संध्याकाळी सगळं गाव त्या पट्टीवर. पोरं बॉल खेळत्यात, बाया चटया टाकून बसत्यात, डुकरं हिंडत्यात. रनवेवर, साहेब!"

"अरे बापरे. मग विमान कसं उतरतं?"

"त्याचीच तर गंमत! इमान यायच्या आदी भोंगा वाजतो. ह्यो मोठा. की समदी मान्सं उठून बाजूला. एक गाडी डुकरं हाकलत जाती. मंग इमान उतरतं."

"आणि बाकी कशाला वाजतो का भोंगा? शाळेला, आगीला?"

"छ्या! बेटावर एकच भोंगा. फकस्त इमानासाठी."

मी त्याला चहा संपवू दिला. मग कप बाजूला सरकवला.

"मग आज सकाळी का वाजला रे?"

त्याला आधी कळलंच नाही. "कुटं?"

"त्याच विमानतळावर. बॉम्बनं उडालेल्या आणि बंद असलेल्या. मी माझ्या या कानानं ऐकला. कळंबच्या दुकानात, दूध घालायच्या वेळेला."

सफारीच्या आतला माणूस लहान होत गेला. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं, पण ते फार थोड्यांना जमतं. ठाण्याचे रायटर जबाब लिहायला लेखणी धरून बसले होते. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. शेवटी त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि खाली मान घालून बोलला.

"साहेब, मी त्याचं काय वाईट केलेलं न्हाई. चांगला खातोय, पितोय तिकडं. कुनी हात लावला न्हाई त्याला."

रायटरची लेखणी खर्रकन चालू झाली. मग सगळं ओकला. फॅक्स पुण्यात बनवून घेतला होता. रोलरवाल्याचा करार दोन महिन्यांपूर्वीच संपला होता, परतीचं तिकीट यानं दाबून ठेवलं होतं आणि तिकडे कळवलं होतं की अजून थोडे दिवस थांब. बाईची सही घ्यायची, तिला माहेरी लावायची, पट्टा आपल्या नावावर चढवायचा.

"अरे, पण तो परत आल्यावर काय करणार होतास?" मी विचारलं. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तवाचं तवा बघितलं असतं," तो म्हणाला. "तवर हाटेल उभं ऱ्हायलं असतं. मंग घरातल्या घरात मिटवलं असतं."

बघा! ही अक्कल. सुशिक्षित असो की अडाणी, गुन्हेगार हमेशा दारापर्यंतच विचार करतो. दाराबाहेर काय आहे ते त्याला दिसत नाही.

विमानतळाचा नंबर त्याच्याच तोंडून घेतला. फोन अर्थातच चालू होता. बाईला जीपनं आणलं, भावकीतल्या दोघा म्हाताऱ्यांना पंच म्हणून बरोबर घेतलं आणि स्टँडजवळच्या आयएसडी बूथमध्ये शिरलो. तिकडे तेव्हा संध्याकाळ असणार. माझ्या इंग्रजीबद्दल न बोललेलंच बरं, पण पलीकडचा माणूस मोठा गोड. "इंडियन रोलर मॅन" एवढं त्याला कळलं. "वेट, वेट," म्हणाला, आणि रिसीव्हर तसाच ठेवून दारातून धावपट्टीकडे बघत हाका मारू लागला. पोरांचा गलका आमच्यापर्यंत ऐकू येत होता. बूथमधला लाल आकड्यांचा मीटर धावत होता आणि बाईची नजर त्याच्यावर खिळलेली.

"ताई, तिकडं बघू नका."

"कसं न बघू? पळतंय किती त्ये!"

धापा टाकत कुणीतरी आलं. "हॅलो?"

"मी बोलतीया," बाई म्हणाली.

जरा वेळ गेला. आवाज आकाशातून फिरून यायला वेळ लागायचा तेव्हा. आणि मग इतक्या मोठ्यानं की बूथबाहेरच्या पंचांनाही ऐकू गेलं:

"आगं, फोन कशापायी केला? बिल किती ईल!"

"तुमी मेला म्हनून उद्या दहावा हाय!"

पुन्हा तो वेळ.

"माजा?"

"मंग कुनाचा!"

"मंग आता मी काय करू?"

"काय करू म्हंजी? घरी या!"

पंच म्हातारा, जो सोमवारी डोक्यावर परिणाम झालाय म्हणत होता, बूथच्या दाराला धरून मटकन खालीच बसला. "पोरी, चुकलं गं आमचं," म्हणाला. मी जबाबावर दोघांच्या सह्या घेतल्या. बूथवाल्यानं बिल घ्यायला नकार दिला, मी बळंच दिलं. मग फिर्याद घेतली आणि खोटा दस्तऐवज नि फसवणुकीचा गुन्हा नोंदवून चुलत भावाला अटक केली.

पण पाहुण्यांना कळवायला वेळ होता कुठे? शुक्रवारी सकाळी नदीवर माणसं जमलीच. जुन्नरकडून, डोंगराकडच्या गावांकडून, पिंपळवंडीहून बाईचे भाऊ. न्हावी बसला होता, गुरुजी बसले होते, भात शिजला होता. आमची जीप वरून घाटावर उतरली. बाई पुढच्या सीटवरून उतरली, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. मला वाटलं मीच चार शब्द बोलावेत. पण तिनं मला हातानं थांबवलं.

"पावणं," ती मोठ्यानं म्हणाली, "लांबून आलाय. बसा, पोटभर जेवून जावा. फकस्त त्याच्या नावानं कुनी रडू नका. त्यो तिकडं बॉल खेळतोय."

मग तिच्या थोरल्या भावानं रडतच पत्रावळ ओढली आणि नदीच्या घाटावर दहाव्याच्या भाताची पंगत बसली. दहाव्याला एवढी हसणारी माणसं मी नंतर कधी पाहिली नाहीत. आमच्या हवालदारांनी तर तीनदा वाढून घेतलं.

तो महिन्याभरात आला. काळा, हडकुळा, हातात पोवळ्याचा पांढरा खडा. युद्धात लोकांनी जीव घ्यायला तयार केलेली ती धावपट्टी, तिच्यातलाच तुकडा. "साहेब, माज्या रोलरखालचा हाय," म्हणाला. तो आजही माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. खटला उभा राहिला, शिक्षा झाली, पट्टा ज्याचा त्याच्याकडे राहिला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पोलिसात आम्ही कागद बघायला शिकतो. शिक्का बघतो, सही बघतो. त्या आठवड्यात एका बाजूला शिक्क्याचा कागद होता आणि दुसऱ्या बाजूला एका बाईचा शब्द. सगळ्या गावानं कागद मानला. आम्ही बाईला मानलं. एवढीच आमची मर्दुमकी. पण तेवढ्यानं एका जित्या माणसाच्या बायकोचं कुंकू राहिलं, आणि माझ्या खांद्यावर नंतर जे काही तारे चढले ते मला त्यापुढे हलकेच वाटले.

वर्षभरानं माझी बदली विदर्भात झाली. लांबचं गाव, अनोळखी क्वार्टर, सामान अजून खोक्यांत. फोन जोडून झाला होता आणि नंबर मी फक्त जुन्या हवालदारांना कळवला होता. गुरुवारी सकाळी चहा घेत होतो तर फोन वाजला. बायको उचलायला धावली.

"थांब," मी म्हणालो. "उचलू नकोस."

दोन रिंगा झाल्या. बंद.

"कोण होतं हो?" तिनं विचारलं.

"कळंबचे आहेत," मी म्हणालो. "बरे आहेत."